भिंतीवरचं नाव

मेश्राम सरांना औषधाच्या दुकानात औषध घेताना मी कधी पाहिलं नाही. ते दुकानात शिरत आणि काउंटरमागच्या माणसाकडे न बघता आधी त्याच्या डोक्यावरची भिंत वाचत. प्रत्येक औषधाच्या दुकानात तिथे एक फ्रेम असते. देवाच्या तसबिरीशेजारी, पुष्कळदा देवाच्याच हारातलं एखादं सुकलेलं फूल काचेवर घेऊन. तिच्यात फार्मासिस्टच्या नोंदणीचं सर्टिफिकेट असतं. ज्याचं नाव त्यावर आहे, तो माणूस दुकान उघडं असेपर्यंत दुकानात हजर पाहिजे, असा नियम आहे. नियम सगळ्यांना ठाऊक आहे. सर ते नाव शांतपणे वाचत, मग खाली बघत आणि फार आदबीनं विचारत, "हे कुठे आहेत?"

आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. एका इस्पितळाला भेट देऊन परतताना चार-पाच जण सरांबरोबर शनिवार पेठेतून चालत होतो. सर एका दुकानापाशी थबकले. आत गेले, भिंत वाचली, प्रश्न विचारला. दुकानदार बिलं फाडत होता. मान वर न करता म्हणाला, "जेवायला गेलेत."

दुपारचे साडेचार वाजले होते.

"बरं," सर म्हणाले. "मग मी थांबतो, येईपर्यंत."

आणि ते खरंच थांबले. आम्ही बाहेर फुटपाथवर, मेल्याहून मेल्यासारखे. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. गिऱ्हाइकं आली, गेली. शेवटी दुकानदाराला राहवेना. "अहो, औषध हवंय की स्थळ बघायला आलात?"

सर हसले नाहीत. "औषध नको. माणूस हवाय."

अर्ध्या तासानंतर दुकानदाराचा सूर उतरला. ते गृहस्थ नगरला नोकरीला असतात, महिन्यातून एकदा येऊन सह्या करतात, आणि आपण कोण, इन्स्पेक्टर का, असं त्यानं हळूच विचारलं. "नाही हो, मास्तर आहे," असं म्हणून सर बाहेर आले. रस्त्यावर आल्यावर त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. त्याआधी क्षणभर मला ते दिसले होते. हात थरथरत होते. मला वाटलं, राग आला असेल. ती भीती होती हे कळायला मला पुढे काही महिने लागले, आणि त्या भीतीचा अर्थ कळायला बरीच वर्षं.

सर नागपूरला मुलीकडे वारले, त्याला आता सात महिने होतील. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे आणि लिहिलेलं फाडते आहे. त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. भंडाऱ्याकडचे होते, वडील रेल्वेत गँगमन होते, छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेल्याचं त्यांना अंधुक आठवत होतं, आणि घराण्यातले पहिले मॅट्रिक ते स्वतःच, एवढं मला त्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळलेलं. मला ठाऊक आहे ते एवढंच, की मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस तो होता, आणि त्याच्याएवढा आधार मला दुसऱ्या कुणाचा वाटला नाही.

आमच्या कॉलेजची इमारत तीन मजली. तळमजल्यावर डिप्लोमा, पहिल्या मजल्यावर बी. फार्म., दुसऱ्यावर एम. फार्म. आणि पीएच.डी.वाले. डिप्लोमाला येणारी मुलं म्हणजे ज्यांचं मेडिकल हुकलं, मग इंजिनिअरिंग हुकलं, मग बी. फार्म.ही हुकलं. तळमजल्याला वरचे लोक 'गाळ' म्हणत. हे सरांना माहीत होतं. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हांला सांगितलं, "या इमारतीत खाली माणूस भेटतो, मधे रेणू भेटतो आणि वर फाइल भेटते. तुम्हांला वर जायचं असेल, जरूर जा. पण जितकं वर जाल तितका पेशंट लांब. वरून तो मुंगीएवढा दिसतो, आणि मुंगी पायाखाली आली तर कळत नाही."

सर स्वतः बी. फार्म. झालेले. एम. फार्म. करा, प्रमोशन मिळेल, नाहीतर नव्या नियमांत अडकाल, असं त्यांना प्राचार्य वर्षानुवर्षं सांगत. खासगी कॉलेजं भराभर निघत होती, एम. फार्म. झालेल्या माणसाला लाल गालिचा होता. सरांच्या हाताखालून गेलेली मुलं विभागप्रमुख झाली. सर तळमजल्यावरच राहिले. कारण विचारलं की म्हणत, "मला जिना चढवत नाही." तेव्हा त्यांचे गुडघे उत्तम होते. रोज सकाळी मांजरीहून बसनं यायचे, ते उभ्यानं.

उंच, किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट. इतरांच्या खिशाला पेन असतं, सरांच्या खिशात पाच मिलीलिटरची खूण असलेलं काचेचं छोटं माप असायचं. बाटली फळीवरून काढताना ते लेबल मोठ्यानं वाचत. औषध ओतताना पुन्हा वाचत. बाटली परत ठेवताना तिसऱ्यांदा. पुस्तकात हे सगळ्यांनाच शिकवलेलं असतं, परीक्षेपुरतं. सर पाण्याची बाटलीसुद्धा तशीच वाचत.

त्यांच्या तोंडी परीक्षेला मुलं रडकुंडीला येत. ते पुस्तकातलं काही विचारत नसत. समोर एक पाकीट ठेवत आणि स्वतः पेशंट होत. कधी बहिऱ्या आजी, कधी घाईतला रिक्षावाला. माझ्या वेळी ते रात्रपाळीचे कामगार झाले होते. मी ऐटीत सांगितलं, "रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी."

"मी सकाळी येऊन झोपतो बाई. नाश्ता संध्याकाळी सहाला करतो. मग घेऊ का नको?"

मी गडबडले. मग काहीतरी सुधारून सांगितलं. सर म्हणाले, "आता काय सांगितलं मी, ते तुम्ही म्हणा." मी गोंधळून बघत राहिले. तेव्हा ते पेशंटचे पुन्हा सर झाले आणि म्हणाले, "देवधर, हे वाक्य तुम्ही मला म्हणायचं होतं. काय सांगितलं मी, सांगा बघू. पेशंटनं आपल्या तोंडानं परत सांगेपर्यंत पाकीट हातातून सोडायचं नाही. तो मान हलवेल. मान हलवणाऱ्याइतका धोकादायक माणूस जगात नाही."

पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते अहो-जाहो करत. पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांची भाषा अगदी छापील झाली होती. फक्त घाबरले की एक शब्द गावाकडून धावत यायचा. "काहून?" प्रयोगशाळेत कुणाच्या हातून बाटली निसटली, कुणी उशिरा आलं, कुणी रडलेलं दिसलं, की "काहून? काहून?" असं दोनदा.

एकदा ते आमच्या कर्वेनगरच्या घरी आले होते. बाबांना बरं नव्हतं म्हणून चौकशीला. आईनं चहा टाकला, पोहे दिले. सरांनी पोहे संपवले आणि विचारलं, "वहिनी, घरातले चमचे दाखवता का?" आईला वाटलं, काही तरी कमी पडलं. तिनं चमच्यांचं स्टँडच आणून ठेवलं. सरांनी खिशातलं माप काढलं, तांब्यातलं पाणी घेतलं आणि एकेक चमचा मोजायला बसले. चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा, माझ्या भावाला मुंजीत आलेला चांदीचा चमचा. एकात तीन मिलीलिटर मावलं, एकात सात. आई पदराला हात पुसत बघत होती. "औषधाच्या बाटलीवर एक चमचा लिहिलेलं असतं, तेव्हा आपण यातला कुठला घेता?" सरांनी विचारलं.

"जो धुतलेला असेल तो," आई म्हणाली.

सर इतके दचकले की आईच घाबरली. जाताना ते आपलं माप आमच्याकडे ठेवून गेले. ते गेल्यावर आई म्हणाली, "माणूस फार सज्जन आहे गं. पण याच्या घरी कुणी तरी गेलेलं दिसतंय." बायकांना या गोष्टी कशा कळतात, मला ठाऊक नाही. घरी कुणी गेलेलं नव्हतं, पण ती फार चुकलीही नव्हती.

डिप्लोमा झाला, दुकानातलं प्रशिक्षण झालं, माझी नोंदणी झाली. सर्टिफिकेट हातात आलं त्याच सुमाराला माझ्या शरदमामानं पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. नवी यंत्रं आली होती, जुने फिटर नको होते. मामा मिलीमीटरचा शंभरावा भाग बोटानं ओळखणारा माणूस. घरी बसून तो भिंतीवरचं घड्याळ खोलून पुन्हा जोडायचा. त्याला कुणी तरी सांगितलं, औषधाचं दुकान टाक, मंदी नाही. जागा कर्वेनगरमध्येच मिळाली. फक्त एक फार्मासिस्ट हवा होता.

मला त्याच आठवड्यात बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला होता. मामी म्हणाली, "तुझा कागद नाहीतरी कपाटात धूळ खाणार. मामाच्या भिंतीवर खाऊ दे." सगळे हसले. मीही हसले. सुट्टीच्या दिवशी येऊन बसेन, असं म्हणाले. दुकानाचा नारळ फुटला, फ्रेम लागली, मामानं स्वतः पाणसळ लावून ती सरळ केली. पूर्ण नाव, खाली नोंदणी क्रमांक. आईनं त्याखाली उभं करून माझा फोटो काढला.

प्रवेशाचे पेढे घेऊन मी सरांकडे गेले. दुपारची वेळ, प्रयोगशाळा रिकामी, सर खल धूत होते. पेढा त्यांनी हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"नोंदणी झाली?"

"झाली, सर."

"सर्टिफिकेट कुठे आहे?"

मी म्हणाले, "घरी आहे. कपाटात."

का म्हणाले? त्यांचे डोळे बघून म्हणाले. ते इतके घाबरलेले होते की त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

सरांनी खल पालथा घातला, हात पुसले आणि बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं. डिप्लोमा झाल्यावर तेही असेच बी. फार्म.ला गेले होते. गावाकडून कसली मदत नव्हती. एका दुकानदारानं त्यांचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं, त्याबदली दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा आणि एक वेळचं जेवण दिलं. सर दिवसभर कॉलेजात. दुकानात काउंटरवर दुकानदाराचा मेहुणा. एका बाईच्या मुलाला ताप होता. डॉक्टरांनी तापाचं पातळ औषध लिहिलं होतं. मेहुण्यानं त्याच औषधाची थेंबांची बाटली दिली. थेंबांचं औषध फार तीव्र असतं, ते ड्रॉपरनं मोजून द्यायचं. त्यानं सांगताना मात्र चमचा सांगितला. दिवसातून चार वेळा, एक चमचा. बाईनं मान हलवली.

"अकरा महिन्यांचं मूल होतं," सर म्हणाले. "तीन दिवस पाजलं तिनं. अगदी नियमानं. चौथ्या दिवशी गेलं." मग म्हणाले, "मी तेव्हा पहिल्या मजल्यावर होतो. वर्गात. फळ्यावर जे सूत्र लिहिलेलं होतं, ते मला अजून पाठ आहे."

मी पेढ्यांचा पुडा मिटला.

"चौकशीला इन्स्पेक्टर आला. भिंतीवर नाव माझं. त्यानं विचारलं, मेश्राम कुठे होते? दुकानदार म्हणाला, जेवायला गेले होते. मला बोलावलं. मला विचारलं, तुम्ही जेवायला गेला होता? मी हो म्हणालो." सरांनी पेढा कागदावर ठेवला. "प्रकरण मिटलं. नोंदणी वाचली, बी. फार्म. पूर्ण झालं. कागदोपत्री मी जेवत होतो, देवधर. अजून जेवतोय."

शनिवार पेठेतलं दुकान तेच होतं. मालक बदलला, पाटी बदलली, भिंत तीच. उठताना ते म्हणाले, "हे मी दर वर्षी एकालाच सांगतो. सगळ्या वर्गाला सांगायची हिंमत नाही. यंदा तुम्हांला सांगितलं, कारण तुमचं कपाटात आहे."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मामाचं दुकान उघडून वीस दिवस झाले होते, त्यात त्याचं सगळं आयुष्य ओतलेलं होतं, आणि फ्रेम काढायची म्हणजे दुकानाला कुलूप. आणखी थोडे दिवस, मग दुसरा कुणी तरी शोधू. मी जिना चढून पहिल्या मजल्यावर वर्गात जाऊन बसले. फळ्यावर एक सूत्र होतं. मला त्यातलं अक्षर दिसेना.

आणखी थोडे दिवस म्हणता म्हणता बी. फार्म. संपलं, एम. फार्म. संपलं. पुणं डोळ्यांदेखत बदललं. आमच्या बॅचमधले कुणी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभे राहिले, कुणी कारखान्यात गोळ्यांची तपासणी करायला लागले, दोघं अमेरिकेला गेले. सगळे जाण्याआधी सरांना भेटून जात. बॅगवाल्याला ते म्हणाले, "डॉक्टर हसला म्हणजे औषध चांगलं, असं समजू नका." तपासणीवाल्याला म्हणाले, "लेबल लावाल तेव्हा आपल्या आजीला वाचता येईल का, बघा." अमेरिकेच्या मुलांना म्हणाले, तिकडे म्हणे फार्मासिस्ट स्वतः दुकानात उभा असतो, खरं असेल तर पत्र लिहा.

मला हिंजवडीत नोकरी मिळाली. बाहेर काच, आत थंडी, कंपनीची बस. काम असं, की जगभरातून औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल येत, ते वाचून संगणकात ठरावीक रकान्यांत भरायचे. वय, स्त्री की पुरुष, औषध, मात्रा, काय झालं. शेवटचा रकाना परिणामाचा. बरा झाला, बरा होत आहे, मृत्यू. दिवसाला इतके अहवाल संपवायचे, असं ठरलेलं असे. शेजारच्या खुर्चीतल्या मुली कानात गाणी घालून हे काम करत. मला ते कधी जमलं नाही. प्रत्येक अहवाल उघडताना माझी नजर आधी देशाच्या रकान्यावर जाई. भारत दिसलं की खुर्ची पुढे ओढून घेई. मग शहर. पुणे दिसलं की मी उठून पाणी पिऊन येई. चुकीची मात्रा सांगितली गेली, असं वाक्य इंग्रजीत आलं की मला कर्वेनगरचं दुकान दिसे, मामा दिसे, त्याचा चष्मा नाकावर घसरलेला, आणि वर सरळ, पाणसळ लावून सरळ केलेलं माझं नाव.

मामाचा फोन आला की पहिली रिंग वाजतानाच मी उठून बाहेर जिन्यात जाई. तो विचारायचा, आंबे पाठवू का. लग्न होऊन मी वाकडला राहायला गेले. आईकडे आले तरी दुकानाच्या रस्त्यानं जात नसे. सुट्टीच्या दिवशी बसेन म्हणाले होते, त्यातले सुरुवातीचे पाच-सहा रविवार बसले असेन. पुढे तो स्टूल मला बघवेना. सरांची एक धास्ती वेगळीच. कुठल्याही दुकानात शिरून भिंत वाचणारा माणूस एक दिवस कर्वेनगरलाही येणारच. मग मी स्वतःला समजवायचे, मांजरी कुठे, कर्वेनगर कुठे. शहराची दोन टोकं.

सर निवृत्त झाले तेव्हा समारंभाला मी गेले. तळमजल्याच्या वर्गातच झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. माणसं पांगल्यावर मी पाया पडले. त्यांनी नोकरीची चौकशी केली, काम काय असतं ते नीट समजून घेतलं. "म्हणजे झाल्यावर कळतं तुम्हांला," ते म्हणाले. मग त्याच आवाजात विचारलं, "सर्टिफिकेट कुठे आहे?"

"घरीच, सर."

"फ्रेम केलीय?"

"हो."

"सरळ लावलीय ना?"

मी मान हलवली. सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शालीची घडी पिशवीत ठेवली.

त्यानंतर अडीच वर्षांनी मामाचा फोन आला, दुपारी साडेचारच्या सुमाराला, मी कामावर असताना. "अगं, काल तुझ्या सरांनी वाचवलं आपल्याला."

मी खुर्चीतून उठले. कोण सर, हे विचारायची गरज नव्हती.

मामानं सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी शेजारच्या सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या बाई संधिवाताची गोळी न्यायला आल्या. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्त, तोंड, आतडी, सगळं जाळत जाते आणि माणूस दगावतो. मामानं पट्टी दिली आणि सवयीनं म्हणाला, रोज एक. बाईंनी मान हलवली. सर तेव्हा मागे मुतारीला गेले होते. परत आले, विक्रीची वही पाहिली, बाईंना काय सांगितलं ते मामाला विचारलं आणि चपला न घालता बाहेर पळाले. बाईंचं आडनाव ठाऊक, पत्ता ठाऊक नाही. चार इमारतींचे जिने चढले. सापडल्या तेव्हा बाईंच्या एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या हातात दुसरी गोळी. आठवड्याची त्यांनी सकाळीच घेतलेली होती.

मी विचारलं, "सर तिथे कसे?"

"म्हणजे काय? ते रोज येतात. संध्याकाळी पाच ते साडेनऊ. अडीच वर्षं झाली." मामाला माझं आश्चर्य कळेना. "रिटायर व्हायच्या महिनाभर आधी एकदा आले होते. तुझ्या फ्रेमकडे बघून विचारलं, या कुठे आहेत? मी म्हटलं, जेवायला गेल्यात. आपण म्हणतो ना नेहमी. अर्धा तास थांबले, गेले. मग रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आले. म्हणाले, मी पण फार्मासिस्ट आहे, बाई येईपर्यंत बसतो. पगार घेत नाहीत, चहा घेतात. मला म्हणाले, त्यांना सांगू नका, येतील त्या. पण काल इतके घाबरले ना, स्टुलावर बसून नुसतं काहून, काहून करत होते. मला राहवेना."

मी संगणक तसाच सोडला. कंपनीची बस संध्याकाळशिवाय सुटत नसे. रिक्षा केली. चांदणी चौकाच्या चढावर वाहनांची रांग लागली होती. मांजरीहून कर्वेनगरला दोन बस बदलाव्या लागतात, जायला दीड तास, यायला दीड तास, हे मी तेव्हा मोजत होते. त्यांच्या वयाचा माणूस. रोज.

पोचले तेव्हा सात वाजत आले होते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. दुकानात ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. माझ्या नावाच्या फ्रेमखाली स्टुलावर सर बसले होते. केस पांढरे झाले होते, शर्ट तसाच, खिशात काचेचं माप. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचत होते. फळीवरून बाटली काढली, ओठ हलले. काउंटरवरच्या बाईला काही सांगितलं. ती निघाली, तर पिशवीवर हात ठेवून तिला थांबवलं. ती कंटाळून काही बोलली. मग त्यांनी हात काढला.

रस्ता ओलांडायला मला फार वेळ लागला. वाहनं होती, हे खरं. पण तेवढ्यामुळेच नाही. त्या दिवशी शनिवार पेठेत सरांनी हात खिशात घातले होते, तसे मी माझे ओढणीत गुंडाळले. मी काउंटरची फळी उचलून आत गेले. मामानं तोंड उघडलं आणि मिटलं. सरांनी वर पाहिलं, आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारतील. मी काय सांगणार होते, देव जाणे.

"झालं जेवण?" सर म्हणाले.

आवाजात उपरोध नव्हता. कुणी खरंच जेवून आल्यावर विचारावं, तसं.

मी मान हलवणार होते. मग थांबले आणि तोंडानं म्हणाले, "झालं, सर."

ते उठले. स्टूल माझ्याकडे सरकवला. खिशातलं माप काढून काउंटरवर ठेवलं, खुंटीवरची पिशवी घेतली आणि फळी उचलून बाहेर गेले. नोकरीचा राजीनामा, मामाच्या दुकानात माझं रोजचं बसणं, ते सगळं नंतरचं. त्याच महिन्यात सर मुलीकडे नागपूरला गेले. पुढे फोनवर बोलणं झालं ते हवापाण्याचं. मी त्यांना पाहिलं ते त्या संध्याकाळी शेवटचं.

ते समोरच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात एक तरुण बाप दुकानात आला. कडेवर मूल, अंगात ताप, हातात चिठ्ठी. तापाचं पातळ औषध. मी बाटली काढली आणि वाचली. थेंबांची की चमच्याची, पुन्हा वाचली. समोर बस आली, थांबली, गेली. सर तिथेच होते. मी त्याला माप दाखवलं, खूण दाखवली, दिवसातून किती वेळा ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि हात पुढे केला. मी पाकीट सोडलं नाही.

"काय सांगितलं मी, सांगा बघू."

तो जरा चिडला, मग सांगू लागला. दुसरी बस आली. ती गेल्यावरही सर थांब्यावरच होते, इकडे बघत. बापानं सगळं बरोबर सांगितलं. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. तो पायरी उतरला आणि मुलाच्या डोक्यावरून टोपरं ओढत निघून गेला.

मग तिसरी बस आली, आणि सर चढले.